ईपीसी करारनामा म्हणजे काय? डिझाइन-बिल्ड कामांची प्रमाणित कागदपत्रं सोप्या भाषेत

परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा म्हणजे मंठ्याकडून जिंतूरला जाणारा रस्ता आणि सेलूकडे वळणारा रस्ता जिथे भेटतात ती जागा. मंठा, देवगाव फाटा, सेलू, पाथरी असा जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-ब मध्ये मोडतो. महामार्गाच्या अशा कामांवर एक मोठा बोर्ड असतो. त्यावर कामाचं नाव, लांबी, किंमत, कंत्राटदाराचं नाव, 'अथॉरिटीज इंजिनिअर' म्हणून एका सल्लागार कंपनीचं नाव, आणि कुठेतरी कोपऱ्यात 'ईपीसी मोड' ही अक्षरं. किंमत आणि कंत्राटदार सगळे वाचतात. ईपीसीकडे कोणी बघत नाही. पण मोरीची रुंदी कोणी ठरवली, रस्ता खचला तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून होणार, काम रखडलं तर दंड किती, या सगळ्याची उत्तरं त्या तीन अक्षरांमागच्या करारनाम्यात असतात.

या लेखात आपण तो करारनामा उघडून बघूया. सिव्हिल डिप्लोमा करून साइटवर लागलेली मुलं, पोटकंत्राट घेणारे लहान ठेकेदार आणि आपल्या गावच्या रस्त्याची चौकशी करू पाहणारे नागरिक अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. कलमांचे क्रमांक आणि टक्के रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या नमुना करारनाम्यातले आहेत. मंत्रालय परिपत्रकं काढून त्यात बदल करत असतं, म्हणून तुमच्या कामाचा प्रत्यक्ष सही झालेला करारनामा हाच शेवटचा शब्द समजा.

आधी जुनी पद्धत: बी-१, बी-२ आणि सी

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात काम केलेल्या कोणालाही बी-१ फॉर्म माहीत असतो. विभाग स्वतः नकाशे काढतो, परिमाणं काढतो, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. ठेकेदार फक्त 'इतके टक्के कमी' किंवा 'इतके टक्के जास्त' एवढंच लिहितो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार भरतो. दोन्हीत पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तिकेप्रमाणे. मुरूम जितका पडला तितका मोजायचा, एमबीत चढवायचा, बिल काढायचं. सी फॉर्म ठोक रकमेचा, पण त्याचा वापर मर्यादित.

या पद्धतीत डिझाइन चुकलं तर ती चूक विभागाची. खोदताना काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली तर परिमाण वाढतं आणि जादा बाब मंजूर करून घ्यावी लागते. फायदा असा की ठेकेदाराला धोका कमी. तोटा असा की प्रत्येक छोट्या बदलासाठी फाइल वर जाते, काम थांबतं, आणि शेवटी कामाची किंमत किती होणार हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नसतं.

डिझाइन-बिल्डमध्ये काय बदलतं

डिझाइन-बिल्डमध्ये डिझाइन आणि बांधकाम एकाच पार्टीच्या गळ्यात पडतं. सरकार सांगतं 'काय हवं': इतक्या लांबीचा दुपदरी रस्ता, अमुक ठिकाणी पूल, तमुक दर्जा. 'कसं करायचं' ते कंत्राटदार ठरवतो, आणि एक ठोक रक्कम सांगतो. ईपीसी म्हणजे इंजिनिअरिंग, प्रोक्युअरमेंट आणि कन्स्ट्रक्शन. डिझाइन-बिल्डचाच हा भाऊ. आपल्याकडे रस्त्यांच्या कामात दोन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरतात.

आपल्या आसपासची उदाहरणं मोठी आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, १६ पॅकेजेसमध्ये ईपीसी पद्धतीने बांधला गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्याला जालन्याहून जोडणारा नांदेडपर्यंतचा सुमारे १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, जो परभणी जिल्ह्यातून जातो, त्याच्या निविदाही रस्ते विकास महामंडळाने याच पद्धतीने काढल्या. मुंबईत मेट्रो ३ ची भुयारी कामं सात पॅकेजेसमध्ये 'डिझाइन आणि बांधकाम' कंत्राटांनीच दिली गेली. भुयाराचं डिझाइन ज्याच्याकडे खोदायचं मशीन आहे त्यानेच करावं, यात तसं आश्चर्य नाही.

ईपीसी आणि हॅम यांत गल्लत होते म्हणून इथेच सांगतो. हॅम, म्हणजे हायब्रिड अ‍ॅन्युइटी, केंद्राने २०१६ मध्ये आणलं. त्यात केंद्राच्या पद्धतीप्रमाणे ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली पुढे हप्त्याहप्त्याने मिळते; कंत्राटदाराला स्वतः कर्ज उभारावं लागतं. ईपीसीत सगळे पैसे सरकारचे, कामाच्या टप्प्यांप्रमाणे. हॅममध्ये देखरेख करणाऱ्याला 'इंडिपेंडंट इंजिनिअर' म्हणतात, ईपीसीत 'अथॉरिटीज इंजिनिअर'. बोर्डावर यातलं कोणतं नाव आहे ते बघितलं तरी पद्धत कळते.

हे नमुने येतात कुठून

प्रत्येक कामासाठी वकील बसवून नव्याने करार लिहिणं परवडत नाही, आणि दर वेळी वेगळा करार असेल तर निविदा भरणाऱ्याला धोका मोजता येत नाही. म्हणून जगभर तयार नमुने वापरतात. सल्लागार अभियंत्यांचा 'फिडिक' नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ पासून आहे. त्याची कंत्राटांची पुस्तकं मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखली जातात. १९९५ मध्ये डिझाइन-बिल्डसाठी नारंगी पुस्तक आलं, १९९९ मध्ये लाल, पिवळं, चंदेरी आणि हिरवं असा संच आला, आणि २०१७ मध्ये लाल, पिवळ्या आणि चंदेरीच्या दुसऱ्या आवृत्त्या. लाल म्हणजे डिझाइन मालकाचं. पिवळं म्हणजे डिझाइन कंत्राटदाराचं. चंदेरी म्हणजे ईपीसी, टर्नकी.

पिवळं आणि चंदेरी यांतला फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिवळ्यात जमिनीखाली कोणालाही आधी दिसू शकलं नसतं असं काही निघालं, तर कंत्राटदाराला जादा वेळ आणि पैसे मागता येतात. चंदेरीत तो धोका मुख्यतः कंत्राटदाराचाच. म्हणून चंदेरी पुस्तकाखालची निविदा थोडी महाग यायला हवी. ती स्वस्त आली, तर कोणीतरी हिशेबात चुकलं आहे किंवा पुढे कुठेतरी कसर काढणार आहे, असं मी तरी समजतो.

अमेरिकेत वास्तुविशारदांच्या संस्थेचा ए-१४१ हा डिझाइन-बिल्डचा नमुना आहे, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डिझाइन-बिल्ड इन्स्टिट्यूटचे वेगळे, आणि बांधकाम क्षेत्रातल्या अनेक संघटनांनी मिळून केलेले कन्सेन्सस डॉक्स त्याहून वेगळे. ब्रिटनमध्ये जेसीटीचा. कोण लिहितो त्याप्रमाणे कल बदलतो: वास्तुविशारदांनी लिहिलेला करार वास्तुविशारदाला जपतो, ठेकेदारांनी लिहिलेला ठेकेदाराला. आपल्याकडे नमुना सरकार लिहितं, तेव्हा तो कोणाला जपतो हे वेगळं सांगायला नको.

भारतात राष्ट्रीय महामार्गांसाठीचा ईपीसी नमुना नियोजन आयोगाने तयार केला आणि २०१२-१३ च्या सुमारास मंत्रालयाने तो वापरात आणला. तेव्हा बीओटीची, म्हणजे टोल वसूल करून पैसे काढायची कामं घ्यायला कंपन्या तयार नव्हत्या, कारण बऱ्याच जणी कर्जात बुडालेल्या होत्या. इमारतींसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ईपीसी कामांच्या वेगळ्या सर्वसाधारण अटी आहेत. जागतिक बँक किंवा जपानच्या जायकाच्या कर्जावरच्या कामांत मात्र फिडिकवर आधारलेली कागदपत्रं दिसतात.

करारनाम्यात काय काय असतं

पहिल्यांदा हातात घेतला की हा करारनामा घाबरवतो. दोनशेच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. पण त्याचे दोनच भाग आहेत: पुढे कलमं, मागे शेड्यूल. कलमं जवळपास सगळ्या कामांत सारखी. शेड्यूल प्रत्येक कामाची वेगळी. वेळ कमी असेल तर शेड्यूल आधी वाचा.

शेड्यूल ए मध्ये जागा: कोणत्या किलोमीटरपासून कुठवर, जमिनीची रुंदी किती, कोणती जमीन कधी ताब्यात मिळणार. बी मध्ये काय बांधायचं: कुठे रुंदीकरण, कुठे मोरी, कुठे पूल, कुठे गटार, गावात काँक्रीट की डांबर. सी मध्ये बस थांबे, दिशादर्शक फलक, झाडं अशा सोयी. डी मध्ये मानकं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची कोणती संहिता लागू. एच मध्ये पैशांची वाटणी. आय मध्ये कोणते नकाशे द्यायचे. जे मध्ये वेळापत्रक. एम मध्ये देखभालीत हयगय झाली तर पैसे कसे कापायचे. गावकऱ्याने यातलं फक्त बी वाचलं तरी निम्मा वाद मिटतो. 'आमच्या गावात नाली मंजूर होती, ठेकेदाराने खाल्ली' असं म्हणण्याआधी ती नाली बी मध्ये आहे का ते बघायचं. नसेल तर ठेकेदाराने खाल्ली नाही. ती मागणीच कोणी कागदावर आणली नाही.

दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या असतील तर कोणतं खरं? याचंही उत्तर पहिल्याच कलमात दिलेलं असतं. सर्वसाधारण कलमापेक्षा विशिष्ट कलम वरचढ. कलम आणि शेड्यूल यांत विसंगती असेल तर कलम वरचढ. दोन शेड्यूलमध्ये असेल तर त्या विषयाचं जे शेड्यूल ते. नकाशावर मोजून आलेलं माप आणि लिहिलेलं माप यांत फरक असेल तर लिहिलेलं माप धरायचं. आकड्यात एक आणि अक्षरात एक असेल तर अक्षरातलं धरायचं. साइटवरच्या नवीन इंजिनिअरने एवढा परिच्छेद पाठ केला तरी पुढची अनेक भांडणं टळतील.

मंजुरी नव्हे, नुसता आढावा

कंत्राटदार डिझाइन करतो, नकाशे काढतो आणि अथॉरिटीज इंजिनिअरला पाठवतो. इंजिनिअरने १५ दिवसांत ते करारातल्या मानकांशी जुळतात का हे बघून सांगायचं. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर कंत्राटदार पुढे जाऊ शकतो. मोठ्या पुलांसारख्या बांधकामांचं डिझाइन तपासायला कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने 'प्रूफ कन्सल्टंट' नेमायचा असतो.

बी-१ च्या सवयीचा माणूस इथेच फसतो. जुन्या पद्धतीत नकाशावर कार्यकारी अभियंत्याची सही म्हणजे मंजुरी. इथे इंजिनिअरने 'हरकत नाही' म्हटलं तरी डिझाइनची जबाबदारी कंत्राटदाराचीच राहते; करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पूल खचल्यावर 'पण तुम्हीच नकाशा पास केला होता' हे म्हणणं टिकत नाही. निविदेसोबत जो सविस्तर प्रकल्प अहवाल मिळतो, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात, तोही नुसता माहितीपुरता. त्यातली माती परीक्षणं बरोबर आहेत याची हमी सरकार देत नाही. कंत्राटदाराने स्वतः जागा बघितली, स्वतः तपासणी केली, असं तो सहीनिशी मान्य करतो.

काळ्या मातीचा हिशेब

हे सगळं आपल्या भागात का महत्त्वाचं, ते एका कल्पित उदाहरणाने बघूया. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

समजा सेलू परिसरात १०० कोटींचं ईपीसी काम आहे. शेड्यूल एच मध्ये २० मोऱ्यांच्या गटाला ४ टक्के वजन दिलं आहे. म्हणजे ४ कोटी, प्रत्येक पूर्ण मोरीमागे २० लाख. मोरी अर्धी झाली असेल तर सहसा काहीच नाही. टप्पा पूर्ण झाला की पैसे. लोखंड किती लागलं, काँक्रीट किती घनमीटर झालं, हे कोणी पैशांसाठी मोजत नाही. दर्जासाठी मोजतात.

आता मराठवाड्याची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ पाया टाकला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा जातो. त्यामुळे खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जायचं, किंवा माती काढून त्या जागी मुरूम दाबून भरायचा. डीपीआरमध्ये दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन दीड मीटरवर मुरूम असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात नाल्याच्या कडेच्या आठ मोऱ्यांत तीन मीटर खाली जावं लागलं. त्या आठ मोऱ्यांचा खर्च २० ऐवजी २६ लाख झाला. ४८ लाख कोणाचे गेले?

बी-१ मध्ये सरकारचे. ईपीसीत कंत्राटदाराचे. आणि कंत्राटदाराने त्या मोऱ्या पोटकंत्राटदाराला 'नग दराने' दिल्या असतील, तर पोटकंत्राटदाराचे. सेलू-जिंतूरचा एखादा लहान ठेकेदार, ज्याच्याकडे एक जेसीबी आणि दोन ट्रॅक्टर आहेत, तो ४८ लाख कुठून भरणार? तो मोरी कमी खोल करतो. किंवा काम सोडून जातो. काळ्या रानातून जाणाऱ्या मोऱ्या का बसतात याचं एक कारण मातीत आहे, आणि एक कारण या साखळीत.

रस्त्याच्या भरावालाही हेच लागू. कलमांप्रमाणे भरावाच्या मातीचं परीक्षण, सीबीआर, दाबाची घनता हे सगळं कंत्राटदाराने करून दाखवायचं. परीक्षण कमी पडलं तर थर उचलून परत टाकायचा, स्वतःच्या खर्चाने. अथॉरिटीज इंजिनिअरच्या माणसाने तो अहवाल बारकाईने वाचला तरच याला अर्थ.

'चेंज ऑफ स्कोप' म्हणजे काय आणि काय नाही

मग ठोक रक्कम कधीच बदलत नाही का? बदलते, कलम १३ प्रमाणे. सरकारने बी मध्ये नसलेलं काही नव्याने मागितलं, उदाहरणार्थ फाट्यावर जादा जोडरस्ता किंवा एखादी जादा मोरी, तर तो चेंज ऑफ स्कोप. त्याचे जादा पैसे मिळतात. सरकारने काही कमी केलं तर ते पैसे वजाही होतात. एकूण बदल साधारण कंत्राट किमतीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायचे, दोघांची संमती असेल तरच त्याच्या पुढे.

पण बी मध्ये लिहिलेल्या लांब्यांत डिझाइन करताना फरक पडला, तर तो चेंज ऑफ स्कोप नाही. शेड्यूल बी मध्येच तशी टीप असते. आपल्या उदाहरणातल्या तीन मीटर पायाचंही तेच: मोरी तीच, जागा तीच, फक्त पाया खोल. जादा काही मागितलेलंच नाही, म्हणून जादा काही मिळत नाही. आणि अजून एक: आधी लेखी आदेश, मग काम. 'साहेबांनी तोंडी सांगितलं' या भरवशावर केलेल्या कामाचे पैसे मिळाले तर नशीब. सरकारशी केलेल्या कराराला राज्यघटनेच्या कलम २९९ ची चौकट आहे. तोंडी शब्दाला तिथे फारशी जागा नाही.

एक गोष्ट मात्र कंत्राटदाराच्या बाजूने आहे. सिमेंट, पोलाद, डांबर, मजुरी यांचे भाव वाढले तर निर्देशांकांच्या सूत्राने किंमत समायोजित होते. पोटकंत्राटदाराने इथे कान टवकारावेत: मुख्य कंत्राटदाराला भाववाढ मिळते, तुमच्या करारात ती आहे का?

वेळ, दंड आणि जमीन

शेड्यूल जे मध्ये टप्पे असतात. साधारण रचना अशी: मुदतीचा ३५ टक्के काळ संपेपर्यंत किमान १० टक्के रकमेचं काम, ६० टक्के काळापर्यंत ३५ टक्के, ८५ टक्के काळापर्यंत ७० टक्के. टप्पा चुकला तर दिवसाला कंत्राट किमतीच्या ०.०५ टक्के नुकसानभरपाई. १०० कोटींच्या कामात दिवसाला ५ लाख. कमाल १० टक्के, म्हणजे १० कोटी. २०० दिवसांत मर्यादा गाठली जाते. पुढे करार रद्द करण्याचा रस्ता उघडतो. मधला टप्पा चुकला पण शेवटचं काम वेळेत झालं, तर कापलेली रक्कम बिनव्याजी परत मिळते. ही तरतूद मला चांगली वाटते. उशीर भरून काढायला कारण उरतं.

हा दंड म्हणजे खरं तर दंड नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती आधी ठरवून ठेवलेली भरपाई आहे, आणि लिहिलेल्या रकमेपर्यंत 'वाजवी' तेवढीच मिळते. म्हणून उशीर कोणामुळे झाला याची नोंद सगळ्यात मोलाची. सरकारने नियुक्त तारखेला किमान ९० टक्के लांबीची जमीन मोकळी द्यायची असते. भूसंपादन अडलं, विजेचे खांब हलले नाहीत, झाडं तोडायची परवानगी आली नाही, तर कंत्राटदाराला मुदतवाढ मागता येते. ती मागणी ठरलेल्या दिवसांत लेखी करायची. दोन वर्षांनी आठवून नाही. साइट इंजिनिअरची रोजची डायरी इथे कामी येते: कोणत्या तारखेला कोणत्या किलोमीटरवर काम बंद होतं, का, पाऊस किती, समोर कोण होतं. मोबाइलवर तारीख-वेळ आणि जागेसकट फोटो काढून ठेवायला आज काहीच लागत नाही.

काम झाल्यावर कोण जबाबदार

पूर्णत्वाचा दाखला मिळाला की दोष-दायित्वाचा काळ सुरू होतो. सुरुवातीच्या नमुन्यात तो कमी होता. पुढे तो वाढवला, आणि डांबरी रस्त्यासाठी पाच, काँक्रीटच्या रस्त्यासाठी व नव्या पुलांसाठी दहा वर्षं अशी विभागणी आली. तुमच्या रस्त्याचा नेमका काळ कलम १७ मध्ये बघा, कारण निविदा कोणत्या वर्षीची त्यावर तो अवलंबून आहे. या काळात दोष निघाला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने. त्याने केली नाही तर सरकार दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करू शकतं. त्यासाठीच बँक हमी असते.

खड्ड्यांची तक्रार करणाऱ्यांनी अर्जात 'रस्ता खराब आहे' एवढंच लिहू नये. 'किलोमीटर अमुक, दोष-दायित्वाचा काळ अमुक तारखेपर्यंत, कलम १७ प्रमाणे कंत्राटदाराला नोटीस दिली का, दिली असल्यास प्रत द्यावी' असं लिहावं. पहिल्या अर्जाला निधी नसल्याचं उत्तर येतं. दुसऱ्याला तसं उत्तर देता येत नाही, कारण निधी लागतच नाही.

पोटकंत्राट घेणाऱ्यांसाठी

नमुन्याप्रमाणे एखाद्या पोटकंत्राटदाराला दिलेलं काम कंत्राट किमतीच्या ५ टक्क्यांवर गेलं तर त्याचं नाव सरकारला कळवावं लागतं. त्याच्या खाली असाल तर सरकारच्या कागदावर तुम्ही जवळपास नाहीतच. तुमचे पैसे अडकले तर अथॉरिटीज इंजिनिअरकडे जाऊन उपयोग नाही. तुमचा करार मुख्य कंत्राटदाराशी.

त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये बऱ्याचदा एक ओळ असते: 'मुख्य करारातल्या सर्व अटी पोटकंत्राटदाराला बंधनकारक राहतील.' याला 'बॅक टू बॅक' म्हणतात. सही करण्याआधी मुख्य करारातली शेड्यूल बी, एच आणि जे मागा. न पाहिलेल्या अटी बंधनकारक करून घेऊ नका. मोऱ्यांचं काम नग दराने घेत असाल तर पायाची खोली लिहून घ्या: 'अमुक मीटरपर्यंत या दरात, त्याखाली प्रति घनमीटर अमुक रुपये.' एक ओळ आहे, पण वरच्या उदाहरणातले ४८ लाख त्याच ओळीवर ठरतात. 'सरकारचं बिल आल्यावर पैसे' या अटीला किमान एक बाहेरची मुदत घाला. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची मुदत आणि व्याजाचं संरक्षण आहे. मात्र बांधकामाच्या कंत्राटांना तो लागू होतो का यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आली आहेत, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

वाद झालाच तर

मुख्य करारात पायऱ्या ठरलेल्या: आधी इंजिनिअरच्या पातळीवर, मग सलोखा समिती, मग १९९६ च्या कायद्याखाली लवाद. जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने केंद्राच्या कंत्राटांबाबत मार्गदर्शन केलं की लवादाची तरतूद साधारणपणे १० कोटींखालच्या वादांपुरती ठेवावी. मोठ्या वादांसाठी सलोखा आणि न्यायालय. म्हणजे नव्या निविदांत हे कलम बदललेलं दिसू शकतं. जुन्या ओळखीवर जाऊ नका, वाचून बघा.

कागद मिळवायचे कसे

नमुना करारनामा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. चालू निविदेची कागदपत्रं ई-निविदा पोर्टलवर उतरवून घेता येतात. राज्याच्या कामांसाठी महाटेंडर्स. निविदा उघडून गेली की ती शोधणं अवघड होतं, म्हणून आपल्या भागातल्या कामाची फाइल दिसली की लगेच डाउनलोड करून ठेवा. सही झालेला करार पाहिजे असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्काचा अर्ज. 'संपूर्ण करारनामा' मागितला तर पानांचा खर्च वाढतो आणि उत्तर लांबतं. त्याऐवजी शेड्यूल ए, बी, एच, जे, कलम १७, आजवर दिलेले चेंज ऑफ स्कोपचे आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला एवढंच मागा. काम राष्ट्रीय महामार्गाचं असलं तरी ते राज्याच्या बांधकाम विभागाचा राष्ट्रीय महामार्ग विभाग करत असू शकतो, किंवा प्राधिकरण, किंवा रस्ते विकास महामंडळ. अर्ज कोणाकडे करायचा ते बोर्डावर 'अथॉरिटी' म्हणून ज्याचं नाव आहे त्यावरून ठरवा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे.